पेवातला पैसा



सांगलीजवळ हरिपूर आहे. तिथे कृष्णेला वारणा मिळते. या गावच्या जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची जुनी रीत होती. २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळ पेवे निकामी केली. पण पेवाची एक शिस्त लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नाही. कोंडलेली हवा जीव घेते. आधी तोंड उघडे ठेवायचे, वारा खेळू द्यायचा, मग माणसाने उतरायचे.

मला वाटते, पैशाचेही असेच आहे. पेवात हळद टिकते, माणूस गुदमरतो.

मनुष्यस्वभाव मोठा गमतीचा. उसने घेतलेले शंभर रुपये आपण विसरतो. दिलेले दहा मात्र तिथीवारासह आठवतात. उसने मागायला आलेला पाव्हणा आधी पावसाची चौकशी करतो, मग म्हशीची, मग पोरांची, आणि चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता म्हणतो, "सर, जरा नड हुती." मग आपणही आपल्या नडीची यादी वाचायला लागतो. दोघेही खरेच बोलत असतात, हीच पंचाईत!

प्रेम आपण आहेराच्या वहीत मांडतो. मामाने काय दिले, आत्याने काय दिले, सगळे लिहून वही पेटीत जपायची. कारण मायेची परतफेड त्याच आकड्याने व्हायला हवी ना! आणि पुण्य? देवळाची एक पायरी बांधली तरी तीवर नाव कोरायचे. देवाने पाहून भागत नाही, गावाने वाचले पाहिजे. दुसऱ्याला कशाला हसू? शाळेच्या खोलीसाठी मी वर्गणी दिली, तेव्हा फळ्यावरच्या यादीत पहिल्यांदा माझेच नाव शोधले होते.

पण याच मुलखात एक वेगळा हिशेबही होऊन गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवू लागली. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या लक्ष्मीबाई त्या मुलांच्या आई झाल्या. त्यांच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले. शेवटी मुलांच्या जेवणाचीच अडचण पडली, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचा पुढचा वटवृक्ष त्यांना पाहायला मिळाला नाही.

नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. ते मंगळसूत्र म्हणजे पैसा, प्रेम की पुण्य? सराफ फक्त सोन्याचे वजन सांगेल. मुलांच्या ताटात मात्र त्याची भाकरी झाली. आणि ती कुणी कुठल्या वहीत परतफेडीसाठी मांडली नव्हती. शिक्षकमित्रांनो, त्याच संस्थेच्या शाळांत शिकून आपल्यातले कितीजण गुरुजी झाले, आठवून पाहा.

पैशाला उगीच नावे ठेवू नयेत. त्यावाचून त्या दिवशी चूल पेटली नसती. दोष पैशाचा नाही, झाकणाचा आहे.

आज रात्री पेटी उघडाल, तेव्हा ती आहेराची वही जरा बाजूला सारा, आणि झाकण थोडा वेळ उघडेच राहू द्या.