प्लॅन नाइनचे भाट

संगणकाच्या घरांत एक कारभारी असतो. कळफलकावर उमटविलेलें अक्षर पडद्यावर आणणें, सांठवणींतील कागद शोधून देणें, चार कामें एकाच वेळीं न भांडतां चालविणें, हा सारा व्यवहार तो पाहतो. त्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कारभारी चांगला असला म्हणजे धन्यास त्याचें अस्तित्वहि जाणवत नाहीं. परंतु कांहीं कारभाऱ्यांना भाट लाभतात, आणि मग घरांतील काम राहतें बाजूस व पोवाड्यांना आरंभ होतो.

‘प्लॅन नाइन’चें असेंच झालें. अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत मरे हिल येथील बेल लॅबोरेटरीज या संशोधनशाळेंत १९६९ सालीं युनिक्स ही प्रणाली जन्मास आली. तेथील त्याच मंडळींनीं १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्लॅन नाइनचा पाया घातला. युनिक्समध्यें बरींच साधनें फाइलीच्या रूपानें हाताळतां येत. प्लॅन नाइननें तें तत्त्व शेवटास नेलें. पडदा, माउस, दूरच्या यंत्राशीं चाललेलें बोलणें, सारें कांहीं फाइल! १९९२ मध्यें ती विद्यापीठांस मिळाली, १९९५ मध्यें विक्रीस आली, २००० मध्यें तिचें मूळ लेखन सर्वांस खुलें झालें. घरोघरीं मात्र ती कधींच पोंचली नाहीं.

आतां भाटांचें ऐकावें. जगांत जें जें नवें निघतें, तें तें म्हणे प्लॅन नाइनमध्यें आधींच होतें. कोणीं शिंकला, तरी ती शिंक प्रथम मरे हिल येथेंच आली असें सिद्ध करून देतील! पुराणांत विमानें शोधणारा पंडित व हा भक्त एकाच बांकावरचे विद्यार्थी होत. मग जगानें ती स्वीकारली कां नाहीं? तर जगाची तेवढी पात्रता नव्हती. मुलगा नापास झाला कीं परीक्षक अडाणी ठरतो, त्यांतलाच हा प्रकार. एरिक रेमंड यांनीं २००३ सालच्या आपल्या ग्रंथांत याचें साधें कारण दिलें आहे: जुन्या युनिक्सला हुसकावून लावण्याइतकी ही सुधारणा मोठी नव्हती. घर सुरळीत चाललें असतां कारभारी कोण बदलतो?

गंमत अशी कीं, खुद्द जनकांना असला गर्व नव्हता. प्रणालीचें नांव त्यांनीं एड वुड याच्या १९५७ सालच्या चित्रपटावरून घेतलें, आणि तो चित्रपट आजवरच्या अत्यंत टाकाऊ चित्रपटांत गणला जातो. बापानें थट्टेनें ठेवलेलें नांव भक्त मात्र मंत्र म्हणून जपतात.

तरीहि या प्रणालीचें एक ऋण मराठी माणसावर आहे. १९९२ च्या सप्टेंबरांत केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं न्यू जर्सींतील एका उपाहारगृहांत, ताटलीखालीं घालावयाच्या कागदावर, यूटीएफ-८ ही अक्षरें सांठविण्याची रीत आंखली. अवघ्या कांहीं दिवसांत प्लॅन नाइन तिच्यावर चालूं लागली. इंग्रजी अक्षरास एक बाइट, देवनागरी अक्षरास तीन, तरी दोन्ही एकाच ओळींत सुखानें नांदतात. आज जगांतील बहुतेक संकेतस्थळें हीच रीत वापरतात.

एवढ्यावरून एखादा भाट म्हणेल कीं, प्लॅन नाइनमुळेंच देवनागरी संगणकावर आली. तें खरें नव्हे. अक्षरांस क्रमांक देणारें युनिकोड १९९१ सालींच निघालें होतें, तें दुसऱ्याच मंडळींनीं. आणि त्यांतील देवनागरीची मांडणी इस्की या १९८८ च्या भारतीय प्रमाणावरून घेतलेली. या कीर्तीचे वांटेकरी अनेक आहेत.

अतिस्तुतीनें होणारी हानि हीच. ऐकणाऱ्यास निम्मी स्तुति खोटी आढळली कीं उरलेल्या खऱ्या निम्म्यावरहि त्याचा विश्वास बसत नाहीं. प्रत्येक कामास फाइलींचें स्वतंत्र जग देण्याची प्लॅन नाइनची कल्पना पुढें लिनक्सनें उचलली. तीहि या कोलाहलांत ऐकूं येत नाहीं. ताटलीखालच्या त्या कागदास पोवाड्याची गरज नाहीं. मराठींत लिहिलेलें पत्र परदेशीं जसेंच्या तसें उघडतें, एवढी साक्ष त्यास पुरे आहे.