वेशीबाहेरचे नगर

अहमद निजामशहाने वसविलेल्या नगरच्या जुन्या पेठांत बोळ अरुंद खरे, पण बोळाला बोळ मिळतो. दिल्ली दरवाजापासून माळीवाड्यापर्यंत पायी जाणाऱ्यास वाटा अनेक. वेशीबाहेर, सावेडी-केडगावकडे, शहर वाढले ते शेतजमिनींच्या तुकड्यातुकड्यांनी. असा मालक रस्ता आखतो तो आपल्या प्लॉटांपुरता; शेजाऱ्याचे कुंपण आले की तो संपतो. मोटारवाल्याला वळसा जाणवतही नाही. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाईला तो रोज चालावा लागतो. घर पाडून नवे बांधता येते. चुकलेला रस्ता पिढ्यानपिढ्या तसाच राहतो. 1966 चा नगररचना कायदा हाताशी आहे, 2003 पासून महानगरपालिकाही आहे. रेखांकनाला मंजुरी देतानाच रस्ता शेजारच्या जमिनीत जोडण्याची अट घालावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी प्रभागाप्रभागांत लावून धरावी.