मलंगगडाची पीरमाची

भिवंडीहून कल्याण ओलांडलं, की मलंगगडाचा कातळ नजरेत भरतो. माचीवर हाजी मलंग बाबांचा दर्गा, माथ्यावर किल्ल्याचे अवशेष.

साधना आणि तटबंदी यांची सोबत जुनी आहे. ट्युनिशियातल्या मोनास्तीरचा ‘रिबात’ इ.स. ७९६चा. आत नमाज आणि साधकांच्या खोल्या, बुरुजावरून समुद्रावर पहारा! मोरोक्कोच्या रबात शहराचं नावही याच शब्दातून आलं.

मलंगगड मात्र रिबात नव्हे. इथे शिबंदी वेगळी, भाविक वेगळे. १७८०मध्ये इंग्रज कॅप्टन अॅबिंग्टनने पीरमाची घेतली, तरी वरचा गड मराठ्यांनी झुंजवला.

दर्ग्याची वहिवाट पुढे कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याने सांभाळली. माघी पौर्णिमेला उरूस भरतो. दर्शनाला जाल, तेव्हा मान वर करून गडाकडेही जरूर पाहा.