पडदा घेण्याआधी ऊन पाहा



आपल्यातले बरेच जण जामनेर-जळगावात दुकान चालवतात, म्हणून कामाचंच बोलतो. स्वस्त पडतो म्हणून आतला एलईडी पडदा बाहेर लावू नका. दुकानात साधारण 800 निट्स उजेड पुरतो. आपल्या मे महिन्याच्या उन्हात 5000 तरी हवा. शिवाय धूळ-पावसासाठी आयपी 65 संरक्षण लागतं. काचेमागे उन्हाकडे तोंड असेल, तर उजेड जास्त हवा, पाण्यापासून संरक्षण मात्र लागत नाही. 3 मिलिमीटर पिक्सेल-अंतराचा पडदा 3 मीटरवरून नीट दिसतो, 10 चा 10 मीटरवरून. कर्ज काढण्याआधी विक्रेत्याला भर दुपारी, तुमच्याच दुकानासमोर नमुना लावून दाखवायला सांगा.