फक्त एक सही



मित्र गाडी मागून नेतो आणि पेट्रोलची टाकी कोरडी करून आणून लावतो. चहाचं बिल आलं की नेमका त्याला कोणाचा तरी फोन येतो. हातउसने घेतलेले दोन हजार 'पगार झाला की देतो' या वायद्यावर वर्षभर लांबतात. असा एखादा मित्र बहुतेकांच्या वाट्याला येतो, आणि माणूस बाकी गोड असेल तर आपण हे चालवूनही घेतो. घ्यावं. मैत्रीत कोणी वही उघडून बसत नाही. आज मला बोलायचंय ते त्यापुढच्या मागणीबद्दल. एके दिवशी तो पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज घेऊन येतो. जामीनदार म्हणून तुमचं नाव-पत्ता त्यानं आधीच भरलेला असतो, सहीची जागा तेवढी मोकळी. म्हणतो, "काही नाही रे, फॉर्मॅलिटी आहे. एक सही दे."

मी पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर काम केलंय, त्यामुळे हा प्रसंग पुष्कळदा पाहिलाय. सही करणारा अर्ज वाचत नाही. वाचला तर मित्राला वाटेल, याचा आपल्यावर विश्वास नाही! पेन्सिलची फुली दिसेल तिथं तो सही करतो, आधार कार्डाच्या आणि पगारपत्रकाच्या झेरॉक्सवरही करतो आणि 'चल, चहा घेऊ' म्हणतो. त्या चहाचे पैसेही बहुधा तोच देतो.

ती सही काय असते ते सांगतो. भारतीय करार कायदा 1872 सालचा. त्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असं एरवी म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलेलं आहे. शिवाय 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातल्या कलम 101 खाली पतसंस्थेला थकबाकीचा वसुली दाखला मिळतो, आणि त्यात कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावं येतात. मग ज्याची नोकरी पक्की, ज्याचा पगार वेळेवर जमा होतो, त्याच्याकडे वसुलीवाले आधी वळतात. म्हणजे तुमच्याकडे.

पगारदारांच्या पतसंस्थांमध्ये 'तू मला जामीन, मी तुला' असा रिवाज आहे. तो वाईट नाही. दोघांच्याही माना अडकलेल्या असतात, म्हणून दोघंही हप्ते भरतात. बिघडतं ते नुसतंच घेणाऱ्या मित्रापाशी. त्याच्या दोन कर्जांवर तुमची सही असते, आणि तुमच्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायची वेळ आली की 'आमच्या हिला विचारून सांगतो' असं उत्तर येतं. मी तर म्हणेन, त्यानं अर्ज पुढे केला की तुम्हीही आपला एक अर्ज त्याच्यापुढे सरकवा. तुम्हाला कर्ज नको असलं तरी. चेहरा बघण्यासारखा असतो.

नाही म्हणायचं कसं, हा खरा अवघड भाग. भीड भिकेची बहीण, हे सगळ्यांना पाठ असतं, तरी वेळेला तोंडातून शब्द फुटत नाही. सगळ्यात महाग पडतं ते 'बघतो' म्हणणं. तो त्याला होकार धरतो, संस्थेत तुमचं नाव सांगून येतो, बाकीचे कागद जमवतो. आठ दिवसांनी तुम्ही नकार दिलात की त्याचं काम तुम्हीच अडवलंत असं ठरतं. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत सांगावं, "अरे, मी कोणालाच जामीन राहत नाही." आणि ते खरं असावं. मेव्हण्याच्या कर्जावर तुमची सही आहे हे त्याला कळलं की आटोपलं. बायकोवर ढकलू नका. तो घरी येऊन 'वहिनी, तुम्हीच सांगा' म्हणेल आणि फुकटचा वाईटपणा तिच्या पदरात पडेल. कारणंही देऊ नयेत. प्रत्येक कारणावर त्याच्याकडे तोडगा असतो. मदत करावीशी वाटली तर परत आली नाही तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम द्यावी, आणि यापुढे नाही, हे देतानाच सांगावं.

आता ज्यांची सही होऊन गेली आहे त्यांच्यासाठी. कर्जाची रक्कम उचलली गेल्यावर आपल्या मर्जीनं माघार घेता येत नाही. संस्था तयार असेल तर दुसरा जामीनदार देऊन मोकळं होता येतं, पण तो दुसरा मिळायला हवा! तोवर अधूनमधून संस्थेत जाऊन हप्ते भरले जाताहेत का याची चौकशी करा. मित्राला ते कळेल, त्याला रागही येईल. येऊ दे. आणि दुर्दैवानं पैसे तुम्हालाच भरावे लागले, तर करार कायद्याच्या कलम 145 प्रमाणे ते कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यासाठी पुरावा लागतो. तेव्हा पावतीवर पैसे भरणारा म्हणून तुमचंच नाव घातलंय ना, हे खिडकी सोडण्यापूर्वी बघून घ्या.