कंदील धरायची जागा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, ‘काका, नाताळावर पाच मिनिटं बोला.’ बँकेतला माणूस, वेळ पाळीन.

माझे बालपण अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेले. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ पासूनचे. पण आमचा नाताळ अगदी मराठी बरं का! आठ दिवस आधी घराला चुना लागायचा. आई करंज्या, शंकरपाळे, चकल्या करायची. केक आमच्या घरात फार उशिरा आला. कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन वडील तारा बनवत.

२४ तारखेच्या रात्री चर्चची मंडळी गात फेरी काढत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने, टाळ, ढोलकी आणि वडिलांच्या गळ्यात अडकवलेली पेटी. त्यांच्या शेजारी मी कंदील धरून चालायचो. ती माझी ठरलेली जागा. बोटे गारठायची, पण कंदील दुसऱ्याला द्यायचो नाही.

पुढे बँकेत लागलो. त्या काळी बँकांचे वार्षिक क्लोजिंग ३१ डिसेंबरला असे. १९७८ साली मी विदर्भातल्या एका लहान शाखेत होतो. वडिलांचे पोस्टकार्ड आले, ‘एक दिवस तरी ये.’ साहेब म्हणाले, ‘जाऊन या, आम्ही बघतो.’ पण माझ्या लेजरचा बॅलन्स जुळत नव्हता. फरक २७ रुपयांचा! नाताळच्या सुट्टीतही मी एकटा शाखेत आकडे तपासत बसलो. दोन दिवसांनी चूक सापडली. ३६ चे ६३ लिहिले गेले होते आणि अक्षर माझेच होते.

पुढच्या पावसाळ्यात वडील गेले. नंतर आईने सांगितले, ‘त्या रात्री त्यांनी कंदील कुणाला धरू दिला नाही. पेटीलाच बांधून घेतला. शेवटच्या गाडीने येईल तो, म्हणत होते.’

मंडळी, आयुष्यात पुष्कळ हिशेब जुळवले. हा राहिला तो राहिलाच.

आपल्या सोसायटीत राहायला आलो त्या वर्षी सौभाग्यवतींनी घरोघर करंज्या वाटल्या. एकही ताट रिकामे परत आले नाही. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्या डिसेंबरात तारा लावायचे मनात नव्हते. २४ च्या संध्याकाळी बेल वाजली. दारात आपल्या विंगमधली चार मुले स्टूल घेऊन उभी! ‘आजोबा, चांदणी कुठे ठेवलीय?’ मोठा मुलगा स्टुलावर चढला. सगळ्यात धाकटा खाली टॉर्च धरून उभा राहिला. हात दुखला तरी कुणाला देईना. मी त्याच्याकडेच बघत राहिलो.

त्या मुलांचे आज सर्वांसमोर आभार मानतो. आणि बाहेरगावी नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना एवढेच सांगतो, दिवाळी असो, ईद असो की नाताळ, घरून ‘ये’ म्हणून फोन आला की निघा. २७ रुपये कुठे पळून जात नाहीत.