ओढ्याला त्याची रुंदी हवी



२५ सप्टेंबर २०१९ची रात्र या सभागृहातल्या अनेकांना आठवत असेल. आंबिल ओढा अरण्येश्वरात, टांगेवाला कॉलनीत, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत घुसला. सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या, पुण्यात आणि आसपास मिळून वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर पुष्कळांनी विचारलं, की एवढ्याशा नाल्याला असा पूर येतोच कसा? मला त्या 'नाला' शब्दावरच बोलायचं आहे.

कात्रजच्या डोंगरात उगवून मुठेला मिळणारा हा ओढा आहे. पेशवाईत त्याच्यावर कात्रजचे तलाव बांधले आणि तिथलं पाणी बंदिस्त नळांतून शहरात आणलं. त्या नळांचे उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणारे मनोरे, पेठांमध्ये अजून सापडतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात ओढा वळवला गेला, पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं, आणि तळ्यातला गणपती त्यावरूनच नाव घेऊन बसला. म्हणजे या ओढ्याला अडवणं-वळवणं नवं नाही. तेव्हा आपल्याला त्याचं पाणी हवं होतं, आता त्याची जागा हवी आहे.

जागा घेतली की काय होतं, ते नीट समजून घेऊ. एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी ५ लाख लिटर भरतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ५० टँकर. उतारावर गवत आणि झुडपं असतील तर त्यातलं बरंच मुरतं, उरलेलं सावकाश खाली येतं. तिथेच छपरं, काँक्रीटचे रस्ते आणि फरसबंद आवारं झाली की ते टँकर थोड्या वेळात ओढ्यात रिकामे होतात. आणि ओढा तर आपण भराव टाकून अरुंद केलेला! पाणी वेग घेतं. वेग दुप्पट झाला की ज्या वजनाचा दगड पाणी ढकलू शकतं, ते वजन ६४ पट होतं. मग ओढ्याचा तळ खरवडला जातो, तो खोल जातो, काठ कड्यासारखे उभे राहतात आणि पायाच सुटल्यामुळे ढासळतात. आपण काय करतो? संरक्षक भिंत बांधतो. गुळगुळीत भिंतीलगत पाणी आणखी धावतं आणि पुढच्या वळणावर दुसऱ्याचं घर खातं.

खोल गेलेला तळ काठच्या मातीतलं पाणीही ओढून घेतो. भर उन्हाळ्यात उंबराखाली टिकणारे डोह जातात, त्यांच्याबरोबर मासे, बेडूक आणि खंड्या जातो. उरतं सांडपाणी, आणि मग नाला हे नाव त्याला चिकटतं.

उपाय आहेत, पण त्यांचा क्रम चुकवून चालत नाही. आधी डोंगरउतारावर पाणी थोपवायचं, सांडपाणी वेगळं काढायचं. मग तळ धरायचा: मोठे दगड ओळीनं रचून बुटक्या पायऱ्या करायच्या, म्हणजे खळाळ आणि डोह पुन्हा आलटूनपालटून येतात. त्यानंतर उभा काठ तासून उतरता करायचा आणि त्यात वाळुंजाच्या ओल्या फांद्या रोवायच्या. वाळुंज ही आपल्याच ओढ्याकाठची, फांदीला मूळ फुटणारी, पुरात लवणारी जात आहे. तिच्यासोबत वाळा आणि लव्हाळा, वरच्या अंगाला करंज, उंबर, जांभूळ. काठावर गुलमोहराची रांग लावून ओढा जिवंत होत नाही.

हे कल्पनेतलं नाही. सिंगापूरमध्ये कल्लांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा फोडून ३.२ किलोमीटरचं वळणदार पात्र करण्यात आलं. आधी साठ मीटरच्या तुकड्यावर काठ धरण्याच्या दहा पद्धती करून पाहिल्या, मगच पुढचं काम. २०१२ साली ते पुरं झालं. पाऊस मोठा झाला की शेजारच्या उद्यानाची हिरवळ पाण्याखाली जाते. ती त्याचसाठी राखलेली आहे. पुढे तिथे पाणमांजरं येऊन राहिली, त्यांना कुणी आणलं नव्हतं.

तिथे उद्यान होतं, इथे काठावर घरं आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ज्यांना दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही अशा माणसांना उठवून त्याला पुनरुज्जीवन म्हणणं हा अन्याय आहे. आधी जवळच पक्कं घर, मगच रुंदीकरण. आणि बोट केवळ वस्तीकडे दाखवू नका. वरच्या अंगाला ओढ्याच्या उपशाखा बुजवून जे मोठे भराव पडले, त्यांनी पाण्याची वाट कितीतरी जास्त अडवली आहे. मोजणी तिथून सुरू झाली पाहिजे.

पावसाळा आता जवळ आला आहे. त्याआधी आपल्या सोसायटीच्या गच्चीचं पाणी कुठे जातं, ते शोधा. ते थेट गटारात जात असेल तर या पावसाच्या आत शोषखड्ड्याकडे वळवा, आणि आपल्या वॉर्डातल्या ओढ्याची रुंदी जुन्या नकाशावर किती होती, हे महापालिकेला लेखी विचारा.